‘लष्करी क्रांती’, ‘उठाव’ की ‘सत्तापालट’?

प्रश्न : मारिया द मेदेरोस यांनी दिग्दर्शित केलेल्या २००० सालच्या पोर्तुगीज चित्रपटाचा परिचय मी मराठीत लिहीत आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमधील तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, तो त्याचा विषय. ‘शांततापूर्ण लष्करी क्रांती’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. ‘बंड’, ‘उठाव’, ‘सत्तापालट’, ‘रक्तहीन क्रांती’ यांपैकी काय वापरावे? चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘एप्रिलचे कॅप्टन’ असा होतो. त्यातील ‘कॅप्टन’ तसाच ठेवावा का?

उत्तर : खटकते ते ‘शांततापूर्ण’ हे विशेषण नसून ‘लष्करी क्रांती’ हे जोडपद असावे. शेजारच्या देशांत सेनापतींनी सरकारे पदच्युत करून सत्ता बळकावली, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी ‘लष्करी क्रांती’ असेच मथळे दिले, आणि तोच अर्थ या शब्दांना चिकटला. लिस्बनमध्ये घडले ते याच्या उलट. १९२६पासून चालत आलेली हुकूमशाही आणि अंगोला, मोझांबिक व गिनी-बिसाऊ येथे १३ वर्षे चाललेले वसाहतींचे युद्ध यांना विटलेल्या अधिकाऱ्यांनी शस्त्र उचलले, आणि बरोबर एका वर्षाने, २५ एप्रिल १९७५ रोजी, तेथे संविधानसभेसाठी खुली निवडणूक झाली.

‘बंड’ मी वापरणार नाही, कारण त्या शब्दात राज्यकर्त्याची नजर असते. १८५७च्या घटनेला ‘शिपायांचे बंड’ म्हणावे की नाही, यावर मराठीत झालेला वाद याच कारणाने झाला. ‘सत्तापालट’ अचूक असला तरी कोरडा आहे. ‘उठाव’ मात्र कृतीचे नेमके नाव आहे. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी रेडिओवर संकेताचे गाणे लागले, सांतारें या शहरातील घोडदळ प्रशाला-तळावरून कॅप्टन साल्गेरो माया यांची तुकडी राजधानीकडे निघाली, तोवर तो उठावच होता. नागरिकांनी घरातच थांबावे, असे आवाहन अधिकारी रेडिओवरून करत असताना लोक रस्त्यावर उतरले, सैनिकांच्या वाहनांवर चढले, आणि पंतप्रधान मार्सेलो कायतानो ज्या कार्मो बराकीत आश्रयाला गेले होते तिच्यासमोरचा चौक त्यांनी भरून टाकला. तेथून पुढे ‘क्रांती’ हाच शब्द योग्य ठरतो. म्हणून ‘लष्करी उठावातून घडलेली क्रांती’ असे लिहावे, असे मी सुचवीन. थोडे लांब होते, पण खरे आहे.

‘रक्तहीन’ टाळावेच. त्याच दिवशी गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयासमोरील जमावावर गोळ्या झाडल्या आणि चार माणसे मेली. त्यांचे मरण एका विशेषणाने पुसले जाऊ नये. ‘अहिंसक’ही चालणार नाही, कारण रणगाडे होते, बंदुका भरलेल्या होत्या. नदीकाठच्या रस्त्यावर माया हातात पांढरा रुमाल घेऊन सरकारी रणगाड्यांसमोर चालत गेले, समोरच्या ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला, आणि त्याच्या सैनिकांनी तो पाळला नाही. शस्त्र हाती असून न चालवणे, हे ‘अहिंसा’ या व्रतापेक्षा वेगळे आहे. ‘शांततापूर्ण’ त्यातल्या त्यात जवळचा.

निःशस्त्र घटनेला ‘क्रांती’ म्हणण्याची सवय आपल्याकडे आहेच. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात जाहीर सभा घेऊन पोर्तुगीज बंदी मोडली, आणि गोव्यात तो दिवस ‘क्रांतिदिन’ म्हणून पाळला जातो. ती बंदीही याच राजवटीची होती. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी तेथील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने कराराने मान्य केले ते एप्रिलच्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी. मराठी वाचकाला हा संदर्भ परिचयात अवश्य द्यावा.

आता ‘कॅप्टन’. तो आपल्याकडे इंग्रजीतून आला; ‘कप्तान’ मात्र थेट पोर्तुगीजांकडून, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ यांच्याप्रमाणेच. ‘एप्रिलचे कप्तान’ हे नाव म्हणून मला फार आवडेल. मजकुरात हुद्दा सांगताना मात्र ‘कॅप्टन’च लिहावे, कारण ‘कप्तान’ म्हटले की आज जहाज किंवा क्रिकेटचा संघ डोळ्यांसमोर येतो.

पुन्हा प्रश्न : या क्रांतीला कार्नेशन फुलाचे नाव आहे. त्याला मराठी प्रतिशब्द द्यावा का?

उत्तर : देऊ नये. फुलबाजारात सगळे ‘कार्नेशन’च म्हणतात. पोर्तुगीजमध्ये या फुलाला आणि लवंगेला ‘क्राव्हो’ हा एकच शब्द आहे, पण ‘लवंगफूल’ केल्यास वाचकाला मसाल्याचा डबा आठवेल. क्रियापदाकडे मात्र लक्ष द्यावे. सेलेस्त कायरो ही उपाहारगृहातील कर्मचारी त्या सकाळी फुले घेऊन घरी निघाली होती. एका सैनिकाने सिगारेट मागितली, तिच्याकडे नव्हती, म्हणून तिने फूल दिले आणि त्याने ते बंदुकीच्या नळीत घातले. येथे ‘खुपसले’ असे लिहिलेले मी वाचले आहे. ते सुरीसाठी ठेवावे. फूल ‘खोवले’ म्हणावे, जसे अंबाड्यात खोवतात.