लीस्ट कॉस्ट पाथ ठीक, पण मधल्या उंचवट्याचं काय?

पाइपलाइनचा मार्ग ठरवण्याबद्दल कोणीतरी म्हटलंय की कॉम्प्युटरवर डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) टाकला, उतार-रस्ते-जंगल यांना वजनं दिली की लीस्ट कॉस्ट पाथ (सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग) आपोआप निघतो, मग सर्व्हेवर पैसे कशाला. गॅसच्या लांब लाइनचा पहिला कॉरिडॉर (मार्गाचा ढोबळ पट्टा) शोधायला चालेल, पण पाण्याच्या ग्रॅव्हिटी लाइनला (पंपाशिवाय, नुसत्या उताराने वाहणाऱ्या) हे अंगाशी येतं. फुकट मिळणारा एसआरटीएम हा डीईएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये शटलवरून रडारने घेतलेला डेटा, एक चौकोन ३० मीटरचा, आणि दाट झाडी असली तर जमिनीऐवजी झाडांचीच उंची त्यात मिसळते.

आमच्या कोकणातल्या गावच्या योजनेत झऱ्यापासून टाकीपर्यंत स्क्रीनवर छान एकसारखा उतार होता, प्रत्यक्षात मध्येच काजूच्या बागेत जांभ्याचा दोनेक मीटरचा उंचवटा! पाइप त्यावरूनच नेला, मग तिथे हवा अडकायची आणि टाकीत करंगळीएवढी धार. शेवटी गावातल्याच गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली (सॉफ्टवेअरवाले साहेब बघत उभे), नेमक्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह बसवला तेव्हा कुठे टाकी भरायला लागली. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉरिडॉर जरूर काढा, पण एल-सेक्शनसाठी (लाइनच्या लांबीभर जमिनीचा चढ-उतार दाखवणारा आलेख) ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन लाइनवर चालायलाच लागतं, तेही शक्यतो पावसाळ्यानंतरचं रान कापल्यावर.