राहत्या घराचं कलासंग्रहालय: घर जसंच्या तसं ठेवावं की आतून बदलावं?

झरोका (धागाकर्ता):
लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्सला सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर आहे. १८३३ मध्ये त्यांनी पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला: आपल्यामागे घर आणि संग्रह शक्य तितका जसाच्या तसा राहावा. १८३७ मध्ये ते गेले, पण खोल्यांची मांडणी आजही त्यांचीच आहे. चित्रांची खोली जेमतेम चार मीटर लांब. भिंतींना कपाटाच्या दारांसारखी उघडणारी फळ्यांची पानं बसवलीत, म्हणून तेवढ्यात शंभराहून जास्त चित्रं मावतात.

आपल्याकडे वाडा संग्रहालयासाठी घेतला की आधी आतल्या भिंती पाडतात आणि पांढरी दालनं काढतात. मला हे साफ चूक वाटतं. ढेलज, चौक, ओटी, माजघर हा क्रम मोडला की समई कुठे तेवायची आणि पानाचं तबक कुठे फिरायचं हे समजायला पाटीच वाचावी लागते. पुण्यात दिनकर केळकरांच्या संग्रहात अडकित्ते, वज्री, दिवे, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. अशा वस्तूंना घरासारखी दुसरी जागा नाही.

सागवान:
मांडणीचं पटतं, पण तुळईला भावना कळत नाहीत. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला २०० किलो भार पेलेल अशी धरतात, लोक उभे राहून गर्दी करतात तिथे ५००. जुनी कडीपाटाची (आडव्या लाकडी वाशांवर, म्हणजे कड्यांवर, फळ्या टाकलेली) जमीन तर कुठल्याच आकड्यावर बेतलेली नाही, आणि फळ्यांवर मातीचा थर आधीच आहे.

आता एक काचपेटी घ्या: उंची १.८ मीटर, रुंदी १.२, खोली ०.६. चार बाजू आणि वरची मिळून ७.२ चौरस मीटर काच लागते. ८ मिमीची काच चौरस मीटरला २० किलो, म्हणजे नुसती काच १४४ किलो. चौकट आणि आतली पितळी भांडी धरून पेटी २५० किलोवर जाते, आणि तिच्याखाली जमीन पाऊण चौरस मीटरही नाही. दर चौरस मीटरला साडेतीनशे किलो झाले, माणसं अजून आलीच नाहीत. कडी एका दिवसात मोडत नाही, वर्षानुवर्षं वाकत जाते. काचपेटीचं दार आपोआप उघडायला लागलं की समजायचं, जमीन कलली.

म्हणून वरच्या मजल्याला आतून पोलादी आधार द्यावाच लागतो. 'आहे तसं' हा हट्ट इथेच संपतो.

झरोका:
सागवान, आधार देण्याला माझा विरोध नाही, भिंती पाडण्याला आहे. सोन यांच्या घरातही सेटी पहिला या फॅरोची दगडी शवपेटी तळघरात आहे. जड ते खाली, हलकं ते वर, एवढं पाळलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. काच ६ मिमीची घेतली तर एका पेटीत ३६ किलो वाचतात. पेटी खणाच्या (दोन तुळयांमधल्या जागेच्या) मधोमध न ठेवता भिंतीलगत, खांबाजवळ ठेवा आणि खाली जाड फळी टाका, म्हणजे वजन तीन-चार कड्यांवर वाटलं जाईल.

चुनखडी:
तुमचं दोघांचं लक्ष जमिनीवर आहे, पण वाडे मरतात ते भिंतीतून. विटा-मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडते. 'स्वच्छ दालन' म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग लावला की ओलीची वाट बंद होते. ती आणखी वर चढते आणि नेमकी चित्राच्या उंचीवर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, होऊन फुटते. इथे मी पूर्णपणे झरोका यांच्या बाजूने आहे: चुन्याचा गिलावा, चुन्याची सफेदी, दुसरं काही नको. चित्राच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल.

एसीबद्दलही बोलायला हवं. पावसाळ्यात पुण्यात बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. कार्यालयीन वेळेत एसी चालवून ५५ वर आणायची आणि संध्याकाळी बंद करायचा, म्हणजे लाकूड रोज आकसणार, रोज फुगणार. लाकडी फळीवरच्या चित्राचे रंग अशानेच पोपडे होऊन सुटतात. त्यापेक्षा एकच खोली घट्ट बंद करून तिथे ओल शोषणारं यंत्र चोवीस तास चालवा आणि नाजूक वस्तू तिथेच ठेवा.

आणि कृपा करून पितळी दिवे दर सणाला चिंचेने घासू नका. आम्ल नक्षीच्या खाचांत राहतं, हिरवा थर धरतं, आणि दर घासण्यात नक्षीची धार जाते. मऊ ब्रशने धूळ काढणं पुरेसं आहे.

निळीशाई:
माझा मूळ भूमिकेलाच विरोध आहे. घर जसंच्या तसं ठेवायचं म्हणजे चौकातला उजेडही तसाच. पण कागदावरच्या चित्रांना, उदाहरणार्थ पिंगुळीच्या चित्रकथीला (गोष्ट सांगताना दाखवायच्या लोकचित्रांना), ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड चालत नाही. त्या मर्यादेतही रोज आठ तास, वर्षभर लावून ठेवलं तर १,४६,००० लक्स-तास होतात. तीनच महिने लावलं तर ३६,०००. म्हणजे खिडक्या झाकायच्या आणि चित्रं आळीपाळीने काढून अंधारात ठेवायची. त्यासाठी कोठार हवं. केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू, मांडलेल्या सुमारे अडीच हजार. बाकीच्यांना जागा माजघरात द्यायची?

दुसरं, भिंतीतला जिना. रुंदी जेमतेम अडीच फूट, पायऱ्या उंच, आणि वरून उतरायला तोच एक. लाकडी वाड्यात धूर झाला तर तोच जिना धुराड्यासारखा भरतो. शाळेची चाळीस मुलं वर असताना याचा विचार करा. वस्तूंपेक्षा माणसं महत्त्वाची, यावर मी मागे हटणार नाही.

झरोका:
जिन्याचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर हवंच. बॉस्टनच्या कलासंग्राहक इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर यांनी मृत्युपत्रातच आपल्या संग्रहालयाची मांडणी बदलायला मनाई केली. तिथे २०१२ मध्ये वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी शेजारी नवी इमारत बांधली आणि प्रवेशद्वार, मैफलींचं सभागृह, दुरुस्तीची कामं तिकडे गेली. जुन्या घरावरचा भार उतरला, आणि गार्डनर यांची मांडणी टिकली. वाड्यालाही परसू असतं. कोठार, तिकीटघर आणि दुसरा जिना तिथे होऊ शकतो.

सागवान:
यावर मी तयार आहे, एका अटीवर. नवा जिना वाड्याच्या भिंतीत अडकवायचा नाही. त्याचा पाया वेगळा आणि दोन्हींमध्ये निदान ५० मिमीची फट. नवा पाया पहिली काही वर्षं खचतो, जुना खचून थांबलेला असतो. दोन्ही एकत्र बांधले तर तडा जुन्या भिंतीतच जाणार. फटीवर पत्रा फक्त वाड्याच्या बाजूने ठोका, दुसरी कड मोकळी सोडा. आणि वरच्या मजल्यावर एका वेळी पंधराच माणसं, हा नियम जिना झाल्यावरही ठेवा.

निळीशाई:
पंधरांचा नियम दारावर माणूस उभा असेल तरच टिकेल. तो पगार अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरा, नाहीतर वरचा मजला उघडूच नका.