मदत हवी आहे: डॉकरमध्ये जँगोला मायएसक्यूएलक्लायंट सापडत नाही

जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ॲपची डॉकर इमेज, म्हणजे कंटेनर ज्यातून चालतो तो साचा, दोन टप्प्यांत बनते. पहिल्या टप्प्यात जीसीसी (कंपाइलर), पीकेजी-कॉन्फिग आणि डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह टाकून मायएसक्यूएलक्लायंट (मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं पायथन पॅकेज) कंपाइल होतं. दुसऱ्या, स्लिम टप्प्यात फक्त व्हेन्व (पायथन पॅकेजांचं फोल्डर) कॉपी होतं. कंटेनर सुरू होताच जँगो विचारतो, ‘मायएसक्यूएलक्लायंट इन्स्टॉल केलंय का?’ पिप लिस्टमध्ये (बसवलेल्या पॅकेजांच्या यादीत) मात्र ते दिसतं!

जँगो मूळ इम्पोर्ट एररवर स्वतःचा संदेश चढवतो, म्हणून ट्रेसबॅक (एररचा माग) वरपासून वाचावा लागतो. तिथे खरं कारण आहे: लिबमारियाडीबी.एसओ.३ ही फाइल मिळत नाही. हेडर (डेव्ह पॅकेजातल्या फाइली) फक्त कंपाइलला लागतात, ही लायब्ररी चालतानाही लागते.

दुसऱ्या टप्प्यात नुसतं लिबमारियाडीबी३ हे पॅकेज पुरेल का? सर्व्हर मायएसक्यूएल ८ आहे, लॉगिन कॅशिंग-शा२ (पासवर्ड तपासायच्या) पद्धतीचं. त्याचं प्लगइन त्याच पॅकेजात येतं का? पायमायएसक्यूएलचा (मायएसक्यूएलक्लायंटऐवजी वापरतात त्या पॅकेजचा) जुगाड शक्यतो नको.