मदत हवी आहे: बी६५० घेऊ की बी८५०?

आठवडाभर दोन मदरबोर्डांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी उघडून बसलोय. दोन्ही पाठ झाली, निर्णय काही होत नाही. जाणकारांनी जरा सोडवा.

प्रोसेसर ठरलाय, रायझन ७ ९७००एक्स. म्हणजे सॉकेट एएम५ आणि रॅम डीडीआर५, त्यात निवडीला वावच नाही. काम म्हणाल तर रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या) फोटोंचं एडिटिंग, अधूनमधून व्हिडिओ, रात्री कधीतरी गेम. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) करणार नाही, तेवढी हौस आता राहिली नाही. जुन्या मशीनमधल्या तीन साटा (केबलने बोर्डाला जोडायच्या) हार्ड डिस्क मात्र नव्यात न्यायच्याच आहेत. सगळा फोटोसंग्रह त्यांच्यावर आहे.

दोन्ही बोर्ड एकाच कंपनीचे, दोन्ही मायक्रो-एटीएक्स आकाराचे, रॅमचे चार-चार स्लॉट, २.५ गिगाबिट लॅन, ऑडिओची चिपसुद्धा तीच. हीटसिंकचा रंग सोडला तर फोटोत वेगळे ओळखू येणार नाहीत.

बी६५० वर एम.२ चे (एसएसडी थेट बोर्डावर बसवायचे) दोन स्लॉट आहेत, दोन्ही पीसीआयई ४.० (जोडणीची पिढी, आकडा मोठा तितका वेग जास्त). साटा पोर्ट चार, आणि त्यांना कसलीही अट नाही. वायफाय नाही, पण माझ्याकडे केबल आहे, चालेल. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे, म्हणजे बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) बदलायचं.

बी८५० वर एम.२ तीन, त्यातला एक ५.०. वायफाय आहे, फ्लॅशबॅकचं बटण नाही. साटा इथेही चारच, पण मॅन्युअलमध्ये तक्त्याखाली बारीक अक्षरात एक तळटीप आहे: तिसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी बसवली की साटा ३ आणि ४ बंद.

या तळटीपेचीच मला धास्ती आहे. जुन्या मशीनमध्ये दुसरी एसएसडी बसवली त्या दिवशी एक हार्ड डिस्क गायब झाली. केबल बदलली, पॉवरची पिन बदलली, डिस्कवर हात ठेवून पाहिला तर आत थरथर जाणवत होती, म्हणजे फिरत होती. बायोसमध्ये मात्र नाव नाही. अर्धा दिवस डिस्क गेली असं धरून बसलो होतो. मग मॅन्युअल उघडलं, तर हीच तळटीप. शेजारच्या पोर्टात लावली आणि डिस्क हजर! चूक माझीच, आधी वाचायला हवं होतं. पण आता तीन डिस्क आहेत, त्यामुळे बी८५० घेतला तर तिसरा एम.२ माझ्यासाठी असून नसल्यासारखा.

आता उलट बाजू. बी६५० बाजारात आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, आणि माझा ९७००एक्स ज्यातला, ते ९००० मालिकेचे प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये. खोक्यातल्या बोर्डात जुनं बायोस निघालं तर मशीन सुरूच होणार नाही. फ्लॅशबॅक आहे म्हणून धीर आहे: पेनड्राइव्हवर फाइल टाकायची, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्यायचं, बटण दाबायचं. प्रोसेसर बसवायचीही गरज नाही म्हणतात. मी स्वतः कधी केलेलं नाही. बी८५० जानेवारी २०२५ चा, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

५.० चा मोह मला फारसा नाही. ४.० च्या चांगल्या एसएसडी सेकंदाला ७००० एमबीच्या आसपास वाचतात, आणि रॉ फाइल उघडताना वेळ खातो तो बहुतेक प्रोसेसरच. व्हीआरएमचीही (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) काळजी नाही, हा प्रोसेसर ६५ वॉटचा आहे.

तर माझा कल बी६५० कडे आहे. कुणी अशा फ्लॅशबॅकने बायोस बदललं असेल तर सांगा, मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा जातो का, की पुन्हा बटण दाबून पहिल्यापासून करता येतं? आणि साटाची अडचण बाजूला ठेवली तर बी८५० मध्ये असं काही आहे का, जे न घेतल्याचा चार वर्षांनी पश्चात्ताप होईल?

ता.क. रॅमचं राहिलंच. आत्ता १६ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन पुढे आणखी दोन लावाव्यात असा विचार होता. पण या प्रोसेसरवर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५६०० आणि चार लावल्या की ३६०० असं दिसतंय. मग सुरुवातीलाच ३२ च्या दोन घेऊन उरलेले दोन स्लॉट रिकामे ठेवू का? चारही स्लॉट भरून नीट चालवणारं कुणी आहे का इथे?