सामोआचे रस्ते आणि आपला पूर: रस्ता उंच करणं हेच एक उत्तर का?

चिठ्ठीत_आलं_सामोआ

मंडळी नमस्कार. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारच्या चिठ्ठ्या उचलल्या आणि मला आलं सामोआ. नकाशात शोधलं तर पॅसिफिकमध्ये उपोलू आणि सवाई अशी दोन मोठी बेटं, लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराच्या निम्मी पण नाही. विषय आहे हवामान बदलात टिकणारे रस्ते. गोची अशी की तिथं जवळपास ७० टक्के लोक किनाऱ्यालगत राहतात आणि मेन रस्ता पण समुद्राला चिकटूनच. २०१२ च्या डिसेंबरात इव्हान वादळ आलं, वैसिगानो नदी अपिया शहरात घुसली, एकूण फटका २० कोटी डॉलरचा, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या वर. नंतर वर्ल्ड बँकेमार्फत आलेल्या पैशातनं विमानतळ ते अपिया हा वेस्ट कोस्ट रोड सुधारला.

सरांनी सांगितलं लोकल उदाहरण जोड. मी लिहिलं, शिरोलीजवळ हायवे २०१९ आणि २०२१ ला पाण्याखाली गेला, सबब दोन मीटर उंच करावा. सर नुसते हसले आणि वही परत दिली. काय चुकलं?

(अवांतर: याच देशानं २००९ मध्ये एका दिवसात सगळी वाहतूक उजवीकडनं डावीकडं आणली, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळतात म्हणून. आपल्याकडं नुसती वन-वे केली तर काय होतं ते माहितीच आहे.)

खडी_मुरूम_डांबर

सर हसले ते बरोबरच हसले बाळा. भराव म्हणजे नदीला आडवा घातलेला बांध. पंचगंगा पसरते ती मैलभर, तिच्या आडवा तू दोन मीटर माती टाकलीस तर पाणी वरच्या अंगाला तुंबणार, म्हणजे कुणाच्या तरी घरात. शिरोलीच्या भरावावरनं किती वर्षं वाद चाललाय ते पेपरात बघ, लोक पिलरचा पूल मागतायत ते उगाच नाही.

मी रस्त्याच्या कामावर आयुष्य काढलं, आता रिटायर आहे. रस्ता नुसता पाण्यात बुडाला म्हणून मरत नाही. एक, पाणी वरनं जाताना ज्या बाजूनं चढतं तिकडं फारसं काही होत नाही, ज्या बाजूला खाली पडतं तिकडची साईडपट्टी खातं, मग डांबराखालचा मुरूम निघून जातो आणि वरचा थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अधांतरी राहतो. पूर ओसरल्यावर मी असल्या पापुद्र्याखाली हात घातलाय, कोपरापर्यंत आत गेला. दोन, पाणी उतरलं की आठवडाभर अडकलेले ट्रक एकदम सोडतात. आत मुरूम अजून पिठासारखा ओला असतो, त्यावर भरलेले टँकर गेले की दोन दिवसात रस्त्याला नागमोडी चाकोऱ्या. पुरानं केलं नाही तेवढं ट्रकनं केलं.

म्हणून तुझ्या सामोआला लिही: मोऱ्या मोठ्या करा, पाणी उतरायच्या बाजूला पिचिंग करा म्हणजे उताराला दगड बसवा, बेसमध्ये, म्हणजे डांबराखालच्या थरात, सिमेंट घाला म्हणजे भिजला तरी दम धरेल, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांचा वादळाचा सीझन, तर ऑक्टोबरच्या आत सगळी गटारं उपसा. शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आणि तेच कुणी करत नाही.

प्रयागकाठचा

काका तुमचं सगळं पटलं पण उंच करू नका म्हणायला सोपं हाय. आमच्या चिखलीत २०१९ ला पाणी आलं तवा पोटुशी बाई आणि म्हाताऱ्या बोटीतनं काढल्या, म्हशी काय बोटीत बसत न्हाईत, त्या पोहत निघाल्या. एक तरी रस्ता कोरडा पायजे का नको? सगळेच बुडीत ठेवले तर माणसं जाणार कुठनं.

आणि भावा चिठ्ठीवाल्या, लोकल उदाहरण शोधत हायवेवर कशाला गेलास, राजाराम बंधारा बघ की. दरवर्षी पाण्याखाली जातोय, कसबा बावड्याकडची वाहतूक बंद होतीय, पाणी उतरलं की कचरा काढून परत गाड्या चालू. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाच्या आधी काढून ठेवतात ते कशाला? पाण्याला वाट द्यायला. आपल्या आज्यांना हे कळत हुतं.

चिठ्ठीत_आलं_सामोआ

हे लई भारी आहे, बर्ग्यांचं नक्की टाकतो. म्हणजे ठरवून काही रस्ते बुडू द्यायचे आणि एक कोरडा ठेवायचा, असं का? पण बेटावर दुसरा रस्ता आणायचा कुठनं?

मालेहून_परत

आहे की. सामोआत अपियाहून डोंगरावरनं दक्षिण किनाऱ्याला जाणारा क्रॉस आयलंड रोड आहे, किनारा बंद पडला तर तोच आधार, त्यामुळं पैसे आधी तिथं घाला असं मी तरी म्हणेन. तिथं दरडीचा त्रास, तो आपल्या गगनबावड्याच्या घाटासारखाच समज.

मी मालदीवमध्ये साईटवर होतो, तिथला खरा प्रॉब्लेम वेगळाच. प्रवाळाची बेटं, दगड नावाला नाही, खडी बार्जमधनं येते आणि समुद्र खवळला की काम बंद. भारतानं २०२४-२५ साठी १० लाख टन खडी आणि तेवढीच नदीची वाळू पाठवायची परवानगी दिली होती, यावरनं अंदाज घे. किरिबाटीची पण तीच रड, किनाऱ्याची वाळू-खडी उपसावी तर किनारा अजून लवकर खचतो. त्या मानानं सामोआ नशीबवान, ज्वालामुखीचं बेट, आपल्या सह्याद्रीसारखा काळा दगड घरचाच. पण मोरीच्या लोखंडावर काँक्रीटचं कव्हर जास्त ठेव, खारी हवा सळई लवकर खाते.

खडी_मुरूम_डांबर

प्रयागकाठचे, तुमचा मुद्दा मान्य. गावातनं बाहेर पडायला एक रस्ता कोरडा पाहिजेच, पण तो भरावावर नको, खालनं पाणी जाऊ दे असा पाहिजे. खर्च जास्त येतो, म्हणून तो सगळीकडं होत नाही आणि म्हणून कुठला ते आधी ठरवावं लागतं. आपल्याकडं ठरवायच्या आधीच टेंडर निघतं हा भाग वेगळा.

आणि बाळा, नुसतं वाचून सेमिनार करू नको. माझ्या घराजवळ एक पाईपमोरी आहे, दोन पाईप, त्यातला एक प्लॉटवाल्यानं माती टाकून मुजवलाय, दुसऱ्यात प्लास्टिक. पावसात पाणी किती चढतं त्याच्या रेघा भिंतीवर अजून दिसतात. रविवारी सकाळी ये, टेप आण, रेघा मोजू आणि किती पाईप लागले असते त्याचा हिशेब घालू. जुनी चप्पल घालून ये.

चिठ्ठीत_आलं_सामोआ

येतो काका. आठला चालेल का, का नाश्ता करूनच येऊ?