७४ टक्केवाल्या पोराला आयटीआयला टाकतोय. चुकतोय का?

मानेवाडाकर (धागा यांचा)
पोराला दहावीत ७४ टक्के. तो म्हणतो, फ्रिज-एसीचा ट्रेड घेतो. दोन वर्षांचा कोर्स. माझी ना नाही, पण घरात आकांत. मेहुणा म्हणाला, "७४ टक्केवाल्याच्या हातात पाना देते का कोणी? अकरावी सायन्सला टाक." मी विचारलं, मे महिन्यात तुझा एसी बंद पडला तेव्हा मेकॅनिक कितव्या दिवशी आला? चौथ्या. त्या चार दिवसांत मेहुणा त्या मेकॅनिकला "दादा, दादा" करत होता. इंजिनिअर झालेल्या स्वतःच्या भाच्याला यानं कधी दादा म्हटलेलं मी ऐकलं नाही. ४५ अंशांच्या आपल्या नागपुरात हा ट्रेड उपाशी मारणार नाही असं माझं मत. बोला.

हिंगण्याचा फिटर
टाका बिनधास्त. मी फिटर, वीस वर्षं झाली एमआयडीसीत. आयटीआयला पहिले कितीतरी दिवस आम्ही फक्त लोखंडी पट्टी कानसत होतो. कडेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायचा, खिडकीकडे धरायचं, आणि फटीतून केसाएवढा उजेड दिसला की सर म्हणायचे, लाव परत व्हाइसला. तळहाताला फोड आले, मनात शिव्या घातल्या. आज सीएनसीवरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मशीनवरून, जॉब उतरला की कडेला धातूची बारीक कच कुठे राहिली ते मापाचं गेज लावायच्या आधी बोटाला कळते.
आणि दार बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकला, म्हणजे इंजिनिअरिंग डिप्लोमाला, थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

गणिताच्या बाई
जाता येतं, बरोबर. पुढचं कोणी सांगत नाही. मी डिप्लोमाला गणित शिकवते. आयटीआयवरून आलेलं पोर वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतं, आणि माझ्या तासाला मागच्या बाकावर मान खाली. पहिल्या वर्षाचं गणित त्यानं केलेलंच नसतं, आम्ही थेट इंटिग्रेशन काढतो. हुशार पोरं विषय राहून राहून सोडून जाताना पाहिलीत. त्यात त्यांचा काय दोष?
दुसरं. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा शिकवण्यासाठी आहे. कित्येक ठिकाणी तो स्वस्त हात मिळवायला वापरतात. वर्ष संपलं, एक बॅच बाहेर, दुसरी आत.
आणि तिसरं, राग येईल. आयटीआयचे गोडवे गाणाऱ्या किती जणांची स्वतःची मुलं तिथे आहेत?

हिंगण्याचा फिटर
माझा मुलगा आहे. वेल्डरला. सांगायचं राहिलं.

पोट्टा खापरीचा
बाई, माह्या काकाचा पोट्टा बी.ई. मेकॅनिकल. गोडाऊनमंदी पार्सल स्कॅन करून राहिला दोन वर्षांपासून. त्याले कोण परमनंट करून राहिलं? हप्ता मात्र कर्जाचा परमनंट हाय.

गणिताच्या बाई
भाऊ, त्याची डिग्री वाया गेली म्हणून आयटीआयचं सोनं झालं का? दोन्हीकडे पोरगंच भरडलं जातंय. महावितरणची विद्युत सहायकची भरती बघा. इलेक्ट्रिशियन, वायरमन पोरं तिच्यावर डोळे लावून असतात, आणि लागल्यावर आधी तीन वर्षं मानधनावर.

पोट्टा खापरीचा
तीन वर्षांनी तं होते ना बाई कायम! इथं का होते?

नाइट ड्युटी
मधेच बोलते. ट्रेड कोणता यावरच भांडताय, कागदाचं कोणी बोलत नाही. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, बारावीनंतर तीन वर्षं. पहिली नोकरी धंतोलीत, ३० खाटांच्या हॉस्पिटलात, पगार १२ हजार. रात्री मजल्यावर मी एकटी. बाळाची शीर सापडत नाही, आई रडते आहे, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून मी त्याची एवढीशी मूठ उघडते आहे, आणि तिकडे सात नंबरचं सलाइन संपतंय. काम तिथे शिकले, खोटं कशाला बोलू.
पण एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचा फॉर्म भरताना कळलं की जीएनएमला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही निदान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला. माझं धंतोलीतलं अख्खं वर्ष शून्य धरलं गेलं. कॉलेजात तीन वर्षांत हे एकानंही सांगितलं नव्हतं.
माझ्या बहिणीचं तर त्याहून वाईट. लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, पांढरा कोट घालून फोटोबिटो काढले, आणि पॅरामेडिकल कौन्सिलच्या नोंदणीला गेली तर तो कोर्स मान्यच नाही. संस्थेचं नाव इथे घेत नाही. फी परत मिळाली नाही. आता ती मेडिकल दुकानात बिलं करते.
भाऊ, तुमच्या मुलाला मिळणारं सर्टिफिकेट एनसीव्हीटीचं, म्हणजे देशभर चालणाऱ्या केंद्राच्या मान्यतेचं, आहे का तेवढं विचारा. सरकारी असेल तर बहुतेक प्रश्नच नाही. खासगी असेल तर पैसे भरायच्या आधी विचारा.

गणिताच्या बाई
ताईंशी शंभर टक्के सहमत. तरी ७४ टक्क्यांना मी डिप्लोमाच म्हणेन.

मानेवाडाकर
सगळ्यांचे आभार. काल श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयला पोराला घेऊन गेलो. एनसीव्हीटीचं विचारलं, आहे. तिथल्या सरांनी पोराला उघडा कॉम्प्रेसर दाखवला तर हा अर्धा तास तिथून हललाच नाही. फॉर्ममध्ये पहिला विकल्प फ्रिज-एसी, दुसरा इलेक्ट्रिशियन. बाई, तुमचं ऐकून अकरावीच्या गणिताचं पुस्तक पण घेतलं, रोज एक तास बसायचं कबूल करून घेतलंय.
मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. त्याचा कूलर बिघडलाय म्हणे, रविवारी बोलावलंय.