'पीअर'ला मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल
एका संस्थेची पुस्तिका मराठीत करत्येय. विषय : स्किझोफ्रेनिया, बायपोलर असल्या मानसिक आजारांतून गेलेल्यांनी स्वतःच चालवलेली मदतकेंद्रं, इंग्रजीत 'पीअर-रन'. 'पीअर'वर गाडी अडलीय. मी 'समदुःखी' लिहिलं. संस्थेतून निरोप आला की 'पीअर प्रेशर'ला 'समवयस्कांचा दबाव' म्हणतात, तेव्हा 'समवयस्क सहायक' करा. आता विशीतल्या पोराला साठीचे काका धीर देतायत, ते समवयस्क कसे? पटापट सुचवा, मजकूर सोमवारी द्यायचाय.

मोडीवाचक
'समवयस्क' साफ चूक. मूळ लॅटिन 'पार', म्हणजे समान. हाउस ऑफ लॉर्ड्समधले उमरावही पीअरच, वयाचा काय संबंध? 'समदुःखी' मात्र रडका वाटतो. 'सहानुभवी' घ्या.

जुनी विहीर
मोडीकाका, 'सहानुभवी' छापलंत तर निम्मे लोक 'सहानुभूती' वाचतील, आणि सहानुभूतीची आपण केव्हाच कीव करून टाकलीय. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत, पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' छान रुळलेत. आजार असलेला तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा शुभंकर. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळही हेच शब्द वापरतं. पण एक शुभार्थी दुसऱ्या शुभार्थीला सांभाळतो तेव्हा त्याला काय म्हणायचं, याची सोय त्या जोडीत नाही.

मांडवीकाठ
शुभंकर म्हटलं की आम्हांला स्पर्धेतला बाहुला आठवतो. 2023 साली गोव्यात राष्ट्रीय खेळ झाले, तेव्हाचा शुभंकर 'मोगा' नावाचा गवा होता. काळजी घेणाऱ्या बायकोला गव्याच्या रांगेत बसवू नका.

काटेकोरांटी
माझा भाऊ क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधावर आहे. रक्त सारखं का तपासायचं, पांढऱ्या पेशी का मोजायच्या, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. पण त्या औषधाने रात्री लाळ गळून उशी भिजते, तर उशीवर जुना टॉवेल घाल आणि पाहुणा म्हणून कुठे राहायला गेलास तर आपला अभ्रा बरोबर ने, हे त्याला गटातल्या एकाने सांगितलं. तोवर भाऊ लग्नाकार्यालासुद्धा मुक्कामाला जात नसे. त्या माणसाला तो 'आपल्यातला' म्हणतो. तुमचा सहानुभवी ऐकून हसेल.

पाटीपेन्सिल
ताई, 'आपल्यातला' झकास आहे. पण नेमणुकीच्या पत्रात कसं लिहू? 'पद : आपल्यातला'?

रस्सामंडळ
'हमदर्द' घ्या की. नेमका अर्थ, सगळ्यांना कळणारा.

मोडीवाचक
मराठीत शब्द असताना फारसी कशाला? शिवाय हमदर्द म्हटलं की लाल सरबताची बाटलीच दिसते.

रस्सामंडळ
काका, तुमचा 'सम' आणि माझा 'हम' सख्खे भाऊ आहेत. संस्कृतातला स तिकडे ह होतो. सिंधूचं हिंदू, सप्तचं हफ्त. तुमच्या घरकर्जाचा हप्ताही त्या हफ्तातूनच आला.

दूरदेशी
सगळे 'पीअर'ला चिकटलात, 'पीअर-रन'मधल्या 'रन'कडे कुणी बघेना. खरं भांडण तिथे आहे. न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस 1948 पासूनचं, मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांच्या गटातून उभं राहिलेलं. तिथे पेशंट नसतात, मेंबर असतात. ते स्वयंपाक करतात, फोन घेतात, पण पगारी कर्मचारीही बरोबरीने असतात. मनोरुग्णांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बोस्टनच्या ज्युडी चेंबरलिनना ते पुरेसं वाटत नव्हतं. त्या स्वतः 1966 मध्ये मनोरुग्णालयात राहून आल्या होत्या. पैसा, नेमणुका, नियम सगळं आमच्याच हातात हवं, असा त्यांचा आग्रह. पुढे 1999 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सरकारी आरोग्ययोजनेतून 'पीअर' मदतनिसांच्या कामाला पैसे मिळू लागले. पगार आला की वर साहेबही येतो, ही कुरबुर अजून चालू आहे. मी इथे पुण्यात पाहिलेले गट बहुतेक डॉक्टर नाहीतर नातेवाईक चालवतात. चांगलेच चालवतात, पण ती गोष्ट वेगळी. पाटीताई, तुमच्या पुस्तिकेतलं केंद्र या लोकांसाठी चालवलेलं आहे की या लोकांनी?

पाटीपेन्सिल
मूळ मजकुरात अट आहे की कार्यकारिणीत निम्म्याहून जास्त माणसं स्वतः आजारातून गेलेली हवीत. म्हणजे 'नी'. पण थांबा. संस्थेने माझा मसुदा तपासून परत पाठवलाय, त्यात सगळीकडे 'साठी' केलंय!

काटेकोरांटी
मग आधी त्यांना फोन लावा. नाव काहीही ठेवा.

जुनी विहीर
प्रत्यय आहे, टायपिंगची चूक असेल. लगेच संशय नको.

दूरदेशी
सगळीकडे?

मोडीवाचक
'शुश्रूषा' कुणालाच सुचली नाही याचं नवल वाटतं. श्रु धातू, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागून चिकटला. तेव्हा 'शुश्रूषक'. याहून नेमका शब्द दाखवा.

जुनी विहीर
शब्द सुरेख, पण छापखान्यात 'शुश्रुषा'च होणार. दवाखान्यांच्या पाट्या बघा. आणि नर्स समजतील ते वेगळंच.

मोडीवाचक
पाटी चुकते म्हणून शब्द टाकायचा? मग 'आशीर्वाद'ही टाका.

रस्सामंडळ
ते राहू दे. 'हप्ता' बरोबर की 'हफ्ता'?

मांडवीकाठ
बँकेचा हप्ता. गुंडाचा हफ्ता.